खिडक्या आत का सरकल्या?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमजवळ बेडफर्ड स्क्वेअर नावाचा चौक आहे. मधोमध लंबगोल बाग आणि चारी बाजूंना एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची घरं. १७७५ ते १७८३ या काळात ती बांधली गेली. आता तिथे बहुतेक कार्यालयं आहेत. हॅरी पॉटरची पुस्तकं काढणाऱ्या ब्लूम्सबरी प्रकाशनानेही यातल्याच ५० नंबरच्या घरात ऑफिस थाटलं.

आता या घरांच्या खिडक्या नीट बघा बरं! चौकटी भिंतीच्या बाहेरच्या कडेला नाहीत, चांगल्या आत बसवल्या आहेत. का असेल?

कारण आहे आग! १६६६ साली लंडन पेटलं. घरं लाकडाची, गल्ल्या चिंचोळ्या. तेरा हजारांहून जास्त घरं खाक झाली. मग नियम आला: भिंती विटांच्या नाहीतर दगडाच्याच हव्यात. वीट भट्टीतच भाजून निघालेली असते, ती पेट कशी घेणार? पण खिडक्यांच्या चौकटी मात्र लाकडीच राहिल्या. म्हणून १७०९ च्या कायद्याने त्यांना चार इंच आत ढकललं. १७७४ च्या कायद्याने तर चौकटीची पेटीसुद्धा विटांच्या आड लपवायला लावली.

त्या पेटीत काय असतं ठाऊक आहे? वजनं! या खिडक्या वर-खाली सरकतात. तावदान अर्ध्यावर सोडलं तरी धपकन खाली येत नाही. त्याला दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या असतात. दोरी कप्पीवरून पेटीत उतरते आणि तिच्या टोकाला वजन लटकतं. दोन्ही वजनं मिळून तावदानाएवढी भरतात, म्हणून ते हवं तिथे थांबतं. जड खिडकी मग लहान मुलालाही उचलता येते!

मजल्यामजल्यांवरच्या खिडक्याही सारख्या नाहीत. पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, तिथे सगळ्यात उंच खिडक्या. अगदी वर नोकरांच्या खोल्या, तिथे छोट्या. आज दिवाणखान्यातल्या त्या भरपूर उजेडात ऑफिसची टेबलं मांडता येतात. ही घरं संरक्षित आहेत, परवानगीशिवाय भिंत पाडता येत नाही. म्हणून ऑफिसंच जुन्या खोल्यांच्या मापात बसतात.

तुमच्या गावातही एखादी जुनी माडी असेलच. तिच्या कोणत्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात मोठ्या आहेत? तिथे कोण बसत असेल? आधी अंदाज बांधा, मग आजी-आजोबांना विचारून ताडून बघा.