घर तिप्पट, रस्ता तेवढाच

मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत, तेही चाळीस मजली टॉवरमध्ये. तीन पिढ्या मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या माणसांच्या आनंदाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. चाळीच्या गॅलरीवर गहिवरून लिहिणारे बहुतेक जण स्वतः केव्हाच फ्लॅटमध्ये राहायला गेलेत.

तरीही या निमित्ताने शिरीष पटेलांची आठवण काढायला हवी. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल उभारणारे, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहतांबरोबर १९६५ साली नवी मुंबईची कल्पना मांडणारे हे अभियंते २०२४च्या डिसेंबरात गेले. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत एकूण बांधकाम, वाढला की गर्दी वाढते, असं आपण सगळेच धरून चालतो. पटेलांचं म्हणणं असं, की गर्दी दोन तऱ्हेची असते: घरातली आणि रस्त्यावरची. बीडीडीला हे लावून बघा. एका चाळीत ऐंशी खोल्या. त्याच ऐंशी कुटुंबांना तिप्पट मोठी घरं दिली तर एफएसआय तिप्पट होईल, पण रस्त्यावर एक माणूसही वाढणार नाही. उलट घरातला कोंडमारा संपेल.

गोम पुढे आहे. ही घरं फुकट आहेत, आणि त्यांचा खर्च निघणार तो त्याच जागेवरच्या विक्रीच्या टॉवरांतून. तिथे येणारी कुटुंबं नवी, गाड्याही त्यांच्याच जास्त. शाळा, मैदान, गटारं, पाण्याची लाइन मात्र वॉर्डात होती तीच. वस्ती दाटते ती मोठ्या घरांमुळे नव्हे, फुकट घरांच्या हिशेबामुळे. पागडीच्या इमारती, झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना, मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्या, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच हिशेब चालतो. बिल्डर खूश, रहिवासी खूश, आणि सरकारच्या खिशातून दमडी जात नाही. मग रस्त्याची रुंदी विचारायची कुणी?

माणशी रस्ता किती, मोकळी जागा किती, शाळा-दवाखान्याला जमीन किती उरते, हे आधी मोजा, असा पटेलांचा आग्रह होता. बीडीडीच्या आराखड्यावर त्यांनी जाहीर आक्षेपही घेतले होते. ‘विकासविरोधी’ हा शिक्का असल्या माणसांसाठी तयारच असतो.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास सुरू आहे. तिथे विक्रीच्या टॉवरांत किती कुटुंबं येणार आणि त्यांच्या गाड्या कुठल्या रस्त्याला लागणार, हे पुनर्विकास करणाऱ्या म्हाडाने आताच फलकावर लिहायला हरकत नसावी.