टेप घेऊन पशुप्रदर्शनात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून तुमच्यापैकी कित्येकांनी बक्षीसही मिळवले असेल. सिंदी (रेल्वे) येथील मोठमोठे नंदी पाहायला तर दुरून लोक येतात. लाकडी नंदीची परीक्षा सोपी; तो देखणा असला म्हणजे झाले. पण जिवंत बैलाची परीक्षा कशी करायची? त्यासाठी आर्वी, आष्टी किंवा कारंजा (घाडगे) भागात पशुप्रदर्शन भरेल तेव्हा एक दिवस मोकळा ठेवा. बरोबर वही, पेन्सिल आणि शिंप्याकडे असतो तसा टेप घ्या.

या भागातील आपली खास जात म्हणजे गवळाऊ. रंग पांढरा किंवा राखी, तोंड लांबट व निमुळते, अंग सडपातळ. नंदगवळी लोकांनी ही गुरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मराठ्यांच्या फौजांचे सामान झपाट्याने वाहून नेण्यासाठी या चपळ बैलांचा उपयोग होत असे.

प्रदर्शनात जाणकार मंडळी आधी बैलाचे तोंड उघडून पाहतात. गाय-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दुधाचे दात पडून कायमचे दात जोडी-जोडीने येतात. म्हणून दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेला, अशी वयाची मोजणी होते.

आता वजन. काटा जवळ नसला तरी अडत नाही. मालकाला, "काकाजी, बैलाला हात लावू का?" असे विचारा आणि बैल त्यांनाच धरायला सांगा. वशिंडाच्या मागून, पुढच्या पायांच्या लगत टेप फिरवून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळ उठून दिसणाऱ्या हाडापर्यंत लांबी मोजा. समजा, घेर १६० सें.मी. आणि लांबी १३० सें.मी. आली.

बैलाचे धड ही एक आडवी वृत्तचिती, म्हणजे आडवे ठेवलेले पिंपच आहे, असे माना. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ४π, हे त्याचे घनफळ. ते येते सुमारे २,६५,००० घन सें.मी. प्राण्याच्या शरीराची घनता पाण्याइतकीच धरली, तर वजन २६५ किलो भरते. पण डोके, मान आणि पाय यात कोठे आले? म्हणून पशुवैद्यक वापरतात त्या सूत्रात भाजक थोडा लहान असतो: घेर × घेर × लांबी ÷ १०,८४०. त्याने उत्तर येते ३०७ किलो. जंताचे औषध किती द्यायचे, हे अशाच अंदाजावर ठरते. घेराचा वर्ग होतो, म्हणून टेप ताणून धरा. घेर ४ सें.मी. जास्त मोजला गेला, तर वजन १५ किलोंनी वाढते!

मग जास्त वजनाचा बैल तो चांगला, असे म्हणायचे का? थांबा. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहावा भाग इतक्या जोराने बराच वेळ ओढू शकतो. ३०० किलोंचा बैल सुमारे २९४ न्यूटन जोर लावील; ३७५ किलोंचा ३६८ न्यूटन. पण शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. जड बैल सेकंदाला १ मीटर चालला, तर त्याची शक्ती ३६८ वॅट. हलका बैल सेकंदाला सव्वा मीटर चालला, तर त्याचीही तितकीच! आता चाऱ्याचा हिशेब करा. कामासाठी लागणारी ऊर्जा दोघांनाही जवळजवळ सारखीच. पण नुसते जगण्यासाठी लागणारा चारा वजनाबरोबर वाढतो. दिवसाला वजनाच्या २ टक्के वाळला चारा धरला, तर हलक्या बैलाला ६ किलो आणि जड बैलाला साडेसात किलो. उन्हाळ्यात कडबा मिळेनासा होतो, तेव्हा रोजच्या या दीड किलोची किंमत शेतकऱ्यालाच ठाऊक!

गवळाऊचा हा गुण काट्यावर दिसत नाही, आणि दुधाच्या मापातही दिसत नाही. गवळाऊ गाय एका वेतात सरासरी सुमारे ६०० लिटर दूध देते; गीर गाय त्याच्या दोन-तीन पट देते. दुधासाठी संकरित गाई आल्या, नांगराला ट्रॅक्टर आले आणि शुद्ध गवळाऊ गुरे कमी होत गेली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र उभारण्यात आले, ते यासाठीच. ऊन सोसणारी, निकृष्ट चाऱ्यावर निभावणारी जात एकदा गेली, की ती कोणत्याही कारखान्यात पुन्हा तयार करता येत नाही.

आता तुम्ही एक करा. प्रदर्शनात निरनिराळ्या पाच बैलांचा घेर व लांबी मोजून वजने काढा. मग २० मीटर अंतर आखून प्रत्येक बैल नेहमीच्या चालीने किती सेकंदांत ते पार करतो, ते घड्याळावर पाहा. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर; १६ लागले तर सव्वा मीटर. वजनाचा दहावा भाग गुणिले ९.८ गुणिले वेग, असा प्रत्येकाच्या शक्तीचा तक्ता तयार करा. परीक्षकांचा पहिला क्रमांक आणि तुमच्या तक्त्यातील पहिला क्रमांक एकच निघतो का, ते पाहा. वेगळा निघाला, तर त्याचे कारण परीक्षकांनाच विचारा.