परसदारचा संसार

पहाटेस खेड्यातील घराला पहिली जाग येते ती मागच्या दारी. खुराड्यातील कोंबडा बांग देतो, शेजारच्या आळीतून त्याला उत्तर मिळते, आणि थोड्याच वेळात चुलीचा धूर कौलांतून वर चढू लागतो. घरातील आजी काठी टेकीत येते व खुराड्याची फळी उचलते. कोंबड्या पंख झाडीत, एकमेकींस ढकलीत बाहेर पडतात. त्यांच्यापुढे मूठभर कण्या पडतात आणि परसदारचा दिवस सुरू होतो.

पुढचे अंगण हे घराचे तोंड, तर परसदार हे घराचे हात होत. पुढे तुळशीवृंदावन असते, सारवलेली जमीन असते, पाहुण्यांसाठी ओटा असतो. मागे राखेचा ढीग, उकिरडा, भांडी घासण्याची जागा आणि जळणाची रास असते. ही बाजू पाहुण्यास कोणी हौसेने दाखवीत नाही. तथापि घर कसे चालते हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने परसदारीच गेले पाहिजे. तेथे एक लहानसा कारखाना अखंड चालू असतो, आणि त्यात टाकाऊ असे बहुधा काहीच नसते.

प्रथम पाण्याचेच पाहा. मोरीतून वाहून जाणारे पाणी एका चरातून वळविलेले असते. चराच्या काठी अळू लावलेले असते व टोकाशी केळीचे बेट असते. कारण या दोन्ही वनस्पतींना पायाशी सतत ओल लागते. मेथी, कोथिंबीर यांसारख्या कोवळ्या भाज्यांना मात्र हे साबणाचे पाणी देत नाहीत. त्या विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर वाढतात. वेलांच्या आळ्यात कित्येक ठिकाणी एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरलेले आढळते. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवितात. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू झिरपते, मुळांना पोहोचते आणि उन्हाने उडून जात नाही. उन्हाळ्यात दूरवरून पाणी आणावे लागते, तेव्हा या साध्या युक्तीचे मोल कळते.

कुंपणावर वाल व घेवडा चढविण्याची चाल जुनी आहे. तिच्यामागे शास्त्रही आहे. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र घेऊन ते वनस्पतीस उपयोगी पडेल अशा रूपात आणितात. म्हणून शेंगांचा वेल काढून टाकताना मुळे जमिनीतच राहू द्यावीत, असे जाणते शेतकरी सांगतात.

आता कोंबड्यांकडे वळू. भाजी निवडताना निघालेली पाने, धान्य पाखडताना पडलेल्या कण्या, ताटातील उरलेली शिते, एवढ्यावर कोंबडीचा अर्धा गुजारा होतो. उरलेले अन्न ती स्वतः मिळविते. दिवसभर पायांनी माती उकरून ती किडे, अळ्या व वाळवी वेचते. तिला दात नसतात. म्हणून ती बारीक खडे गिळते, आणि पोटातील स्नायूंच्या बळकट पिशवीत त्या खड्यांच्या साहाय्याने दाणे दळले जातात. दुपारी ती राखेच्या ढिगात मनसोक्त लोळते. पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो. परंतु पिसांत बसलेल्या उवा घालविण्याचा तो तिचा उपाय असतो.

खुराड्यात रात्रभर साचलेली शीट सकाळी गोळा करून खड्ड्यात टाकतात. या खतात नत्र विपुल असते. मात्र ते ताजे असता फार तीव्र असते. ते रोपाच्या बुडाशी तसेच घातले, तर मुळे करपतात. म्हणून त्यात पालापाचोळा व माती मिसळून ते काही महिने कुजू द्यावे लागते. एकदा कुजले की त्याच खतावर वांगी व मिरच्या जोमाने वाढतात. भाजीचे देठ कोंबडीला, कोंबडीचे खत भाजीला, असा हा फेरा चालतो. फक्त एक पथ्य पाळावे लागते. कोंबडी आणि कोवळे रोप यांची गाठ पडू देता कामा नये. नाहीतर आठवड्याची मेहनत ती घटकेत उकरून टाकते. म्हणून वाफ्याभोवती तुराट्यांचा कूड घालतात.

परसदारातील बहुतेक वस्तू घरच्या हातांनीच घडलेल्या असतात. जुन्या दाराच्या फळ्या, बांबूच्या चिवट्या आणि तारेचा एखादा तुकडा एवढ्यात खुराडे उभे राहते. ते जमिनीपासून हात-दीड हात उंचावर ठेवितात. त्यामुळे ओल लागत नाही आणि मुंगूस व रानमांजर यांपासून बचाव होतो. हवा खेळण्यासाठी फटी ठेवितात, पण त्या इतक्या अरुंद की मुंगसाचे डोके आत शिरू नये.

मुलांनाही करता येईल अशी एक वस्तू म्हणजे कोंबड्यांचे पाण्याचे भांडे. एका रिकाम्या डब्याच्या तोंडाजवळ, काठापासून बोटभर अंतरावर, एक भोक पाडावे. डबा पाण्याने भरून त्यावर एक पसरट थाळी पालथी झाकावी आणि दोन्ही एकदम उलटे करावे. थाळीची कड भोकापेक्षा थोडी उंच हवी. डब्यातून पाणी बाहेर येते आणि भोक बुडताच थांबते. कारण आत हवा शिरण्यास वाट उरत नाही. कोंबड्यांनी पाणी प्यायले की भोक उघडे पडते, हवेचा बुडबुडा आत जातो आणि तेवढेच पाणी पुन्हा बाहेर येते. हवेच्या दाबाचा पाठ परसदारी असा रोज गिरविला जातो.

ही कोंबडी माणसाच्या घरी आली कोठून? आशियातील रानांत राहणारी तांबडी रानकोंबडी ही तिची मुख्य पूर्वज होय. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले, की अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग तिच्याकडून आलेला नसून राखी रानकोंबडीकडून आलेला आहे. ही राखी रानकोंबडी आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत आजही आढळते. खुराड्यातील साध्या कोंबडीचे एक नाते अशा रीतीने या डोंगररांगांशी जडलेले आहे.

घरातील खरा पेच पडतो तो अंड्यांपाशी. मोठ्या व्यवसायासाठी तयार केलेल्या जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते; गावठी कोंबडी साठ-सत्तर. परंतु गावठी कोंबडीत एक गुण आहे, जो त्या जातींतून माणसाने निवड करीत करीत जवळजवळ नाहीसा केला. दहा-बारा अंडी घालून झाली की ती खुडूक होते. म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबविण्यास बसू पाहते. अशा वेळी घरातील बाईस ठरवावे लागते, की टोपलीतील डझनभर अंडी आठवड्याच्या बाजारात विकावयाची, की कोंबडीखाली ठेवावयाची? अंड्यांचा पैसा हा बहुधा तिच्या हातचा, स्वतःचा पैसा असतो. मुलीच्या वह्या, सासूचे औषध, सणाच्या बांगड्या यांची सोय त्यातून होते. वह्या आज हव्या असतात, आणि पिल्ले एकवीस दिवसांनी निघावयाची असतात. आजचे अंडे की उद्याची कोंबडी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आजी उद्याच्या बाजूने कौल देते. अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली, तरी ऊब मिळेपर्यंत त्यांतील जीव वाढीस लागत नाही. म्हणून सर्व पिल्ले एकाच सुमारास बाहेर येतात. कोंबडी दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी घटकाभरच उठते, खाते-पिते आणि परतते. चोचीने ती अंडी वारंवार फिरविते. तसे न केल्यास आतील जीव कवचाच्या पापुद्र्यास चिकटण्याचा धोका असतो. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरली, तर लाल शिरांचे नाजूक जाळे दिसते. जे अंडे तसेच पारदर्शक राहिले, ते उजणार नाही असे समजून बाजूस काढतात. एकविसाव्या दिवशी चोचीवरील एका टणक टोकाने पिल्लू कवच फोडते. त्याच्या पोटात बलकाचा शेष असल्याने पहिले दोन दिवस त्याला दाणा मिळाला नाही तरी चालते.

पिल्ले निघाली, तरी चिंता संपत नाही. काही घार नेते, काही मुंगूस. परंतु सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांस दिसतही नाही. राणीखेत नावाचा रोग एका विषाणूमुळे होतो. १९२७ साली कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला, म्हणून आपल्या देशात त्यास हे नाव पडले. कोंबडी धापा टाकते, हिरवट शीट टाकते, तिची मान वाकडी होते. म्हणून खेड्यात त्यास मानमोडी म्हणतात. या रोगावर औषध नाही. तो आला की चार दिवसांत आळीतील खुराडी रिकामी होतात, आणि त्यांबरोबर वह्यांचा व औषधांचा पैसाही जातो.

औषध नसले, तरी प्रतिबंधक लस आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात वा नाकात तिचा थेंब टाकतात; पुढे दोन महिन्यांच्या सुमारास लस टोचतात. अडचण निराळीच आहे. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांना पुरेल एवढी मात्रा असते. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालविली की थोड्याच तासांत संपवावी लागते. ज्या घरी सातच कोंबड्या आहेत, त्या घराने एकट्याने बाटली आणावी तर उरलेली लस वाया जाते. म्हणून त्या घरास वाटते, की यंदा राहू द्यावे. शेजारच्या घरासही तसेच वाटते. रोगाला एवढी सवड पुरेशी असते; कारण कोंबड्यांना कुंपण ठाऊक नसते आणि विषाणूलाही नसते.

यावर तोडगा एकच. आळीतील पंधरा घरांनी एक दिवस ठरवावा. पहाटे फळ्या उचलण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवाव्यात, पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकच बाटली आणावी आणि घरोघर फिरून ती संपवावी. मग कोणाच्याही वाट्याला फारसा खर्च येत नाही, आणि लसीचा थेंबही वाया जात नाही.

परसदारचा संसार घरच्या हातांनी उभा राहतो हे खरे. पाण्याचा चर, तुराट्यांचा कूड, डब्याचे भांडे, या साऱ्या गोष्टी ज्याच्या त्याने कराव्यात. परंतु तो राखावयाचा असेल, तर कुंपणापलीकडील शेजाऱ्यास हाक मारावीच लागते. ती वेळेवर मारली गेली, की पुढच्या पहाटे आजी फळी उचलते तेव्हा प्रत्येक खुराड्यातून कोंबड्या पंख झाडीत बाहेर पडतात, आणि एका आळीची बांग दुसऱ्या आळीस ऐकू जाते.