ट्रॉम्बेची ओली पट्टी

भाजलेल्या जखमेवरची गॉजपट्टी बदलायची म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. झिरपलेलं पाणी सुकून पट्टी चिकटलेली असते. ओढली की नुकती धरलेली कोवळी कातडीही निघते. हे दुखणं टाळणारी पट्टी उरणसमोरच तयार झाली. उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याकडे लाँच निघाली की उजव्या हाताला घारापुरी आणि तिच्यामागे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. तिथलंच भाभा अणुसंशोधन केंद्र.

या पट्टीमागच्या जेलची सुरुवात झाली ती प्रागमध्ये. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली ‘नेचर’मध्ये पाणी पिऊन फुगणाऱ्या, पण पाण्यात न विरघळणाऱ्या जेलविषयी लिहिलं. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टर्लेंनी खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की ओलसर राखलेली जखम उघडीपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. ‘जखम सुकू द्या’ हा सल्ला तेव्हाच मागे पडायला हवा होता.

ट्रॉम्बेत १९७४ पासून आयसोमेड प्रकल्पात वैद्यकीय सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊ लागलं. पुढे केंद्रातल्या संशोधकांनी किरणांनी पट्टीच घडवली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि आगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, गरम पाण्यात विरघळवायचं, साच्यात ओतायचं, थिजलं की सीलबंद करून किरण द्यायचे. लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याच वेळी जंतूही मरतात. पट्टी किरणोत्सर्गी होत नाही. मला या कामाचं सर्वांत मोठं कौतुक याच साधेपणाचं वाटतं.

ही पट्टी बहुतांशी पाणीच. हाताला गार, लवचिक, आरपार दिसणारी. त्यामुळे न उचकटता डॉक्टरांना जखम पाहता येते. मधुमेह्यांच्या पायावरच्या चिघळलेल्या जखमांनाही तिचा उपयोग होतो. फार पाणी वाहणाऱ्या जखमेला मात्र ती पुरत नाही, आणि खोल भाजलं असेल तर दवाखान्याला पर्याय नाही.

एवढं होऊनही भाजल्यावर टूथपेस्ट, शाई फासणारी घरं आहेत. आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग स्वच्छ झाकण. बंदर, तेल-वायूचा प्रकल्प आणि मच्छीमारांच्या बोटी असलेल्या उरण तालुक्यात प्रत्येक प्रथमोपचार पेटीत ही पट्टी हवी.