बराकपूर : नेत्याचे पक्षांतर, गटांचा सत्तासंघर्ष

बराकपूर (पश्चिम बंगाल) : हुगळीकाठच्या ताग गिरण्यांच्या या पट्ट्यात नेत्याने पक्ष बदलला की स्थानिक सत्तेची मांडणीही बदलते. उमेदवारी नाकारल्याने अर्जुन सिंह यांनी मार्च २०१९ मध्ये तृणमूल काँग्रेस सोडली आणि भाजपतर्फे लोकसभेची जागा जिंकली. पाठोपाठ भाटपारा नगरपालिकाही भाजपकडे गेली; जानेवारी २०२० मध्ये तृणमूलने ती परत मिळवली.

दरम्यान, जून २०१९ मध्ये भाटपारातील हिंसाचारात दोघांचा मृत्यू झाला आणि जमावबंदी लागू करण्यात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये टीटागढ येथे भाजप नेते मनीष शुक्ला यांची गोळ्या घालून हत्या झाली.

सिंह २०२२ मध्ये तृणमूलमध्ये परतले. २०२४ मध्ये पुन्हा भाजपतर्फे लढताना तृणमूलच्या पार्थ भौमिक यांच्याकडून ते पराभूत झाले. नेत्यांना परतीची वाट खुली राहिली. अशांततेची झळ मात्र गिरणी कामगारांच्या वस्त्यांना बसली.