टकीला मागवताय? आधी बांधावरचं केकताड आठवा

पुण्याहून पुतण्याचा फोन आला. वय सव्वीस, नोकरी नवी. "काका, शनिवारी ऑफिसची पार्टी आहे. सगळे टकीला मागवतात. मले त्यातलं ओ की ठो कळत नाही. एक चांगलं नाव सांगून द्या, बस."

नाव काही मी लगेच सांगितलं नाही. म्हटलं, आपल्या पिंपळगाव राजाच्या शिवारात पांदणीच्या कडेला केकताड उभं आहे ना, ते आधी डोळ्यांपुढे आण. हिरवट-राखाडी, जाड पात्यांचं, टोकाला सुईसारखा काटा. लहानपणी बकरीमागे धावताना ज्यानं तुझी पोटरी फाडली होती, तेच. टकीला त्याच्या चुलतभावाची आहे.

पोरगं एकदम गप्प झालं, आणि मग आमचं पाऊण तास बोलणं झालं. त्यातलं जे जे सांगितलं, ते इथे मांडतो.

एकाच आडव्या रेषेवर

पृथ्वीचा गोल घ्या आणि पिंपळगाव राजावर बोट ठेवा. अक्षांश साधारण २०.७. बोट आडवं सरळ पश्चिमेला नेत राहा. अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिकेचं वाळवंट, अटलांटिक महासागर. मेक्सिकोत हालिस्को राज्यात पोचलात की बोटाखाली जे गाव येतं, त्याचं नावच टकीला. अक्षांश २०.९. म्हणजे पिंपळगाव राजाचा आपला खामगाव तालुका आणि टकीला गाव जवळजवळ एकाच रेषेवर वसलेत! दोन्हीकडची जमीनही ज्वालामुखीची देणगी आहे. आपली काळी माती लाव्हारसाच्या खडकातून झाली, तर त्यांच्या गावाच्या डोक्यावर अजून एक झोपलेला ज्वालामुखी उभा आहे आणि त्याचंही नाव टकीलाच. फरक उंचीचा. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर आहे.

गावाभोवतीची निळसर रानं आणि जुन्या भट्ट्या यांना युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. शेतीला आणि दारूच्या भट्टीला एकत्र मिळालेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

निवडुंग नाही, शतावरीचं गोत

केकताडाला कुणी घायपात म्हणतं. शास्त्रीय नाव अगावे. काटे बघून लोक त्याला निवडुंगाच्या रांगेत बसवतात, पण ते आहे शतावरीच्या कुळातलं. हो, बाळंतिणीला जिचा कल्प देतात तीच शतावरी. याहून मोठा धक्का पुढेच आहे. लग्नाच्या हारात आणि देवाच्या पूजेत जिचा सुगंध दरवळतो ती गुलछडी, म्हणजे निशिगंध, हीसुद्धा मूळची मेक्सिकोची. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला अगावे याच वंशात घातलं आहे. आता तिचं शास्त्रीय नाव 'अगावे अमिका'. नवरदेवाच्या गळ्यात आपण केकताडाची बहीण घालतो!

मिरची आणि मकाही त्याच मुलखातून आपल्या ताटात आले. केकताड मात्र ताटात न येता बांधावर राहिलं. त्याची पाती कुजवून वाख काढायचा, वाखाचे दोर वळायचे, पोळ्याला बैलांना नवे कासरे घ्यायचे. गावोगावच्या मातंग कारागिरांच्या हातातली ही कला. पात्यांचा रस अंगाला लागला की आग आग होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मेक्सिकोतही वाखाचा मोठा व्यापार होता. इंग्रजीत ज्याला सिसल म्हणतात, ते नाव युकातान किनाऱ्यावरच्या सिसल नावाच्या बंदरावरून पडलं.

मेक्सिकोत आपल्या बांधावरच्या जातीच्या मोठ्या झाडांचा गाभा कोरून गोड रस काढतात. त्याला ते 'मधाचं पाणी' म्हणतात. ताजा प्याला तर निरा, आंबला तर ताडी, असाच प्रकार. आंबलेल्या रसाचं नाव पुल्के. जुन्या आस्तेक लोकांची केकताडाची देवी होती मायावेल, आणि नशेचे देव म्हणजे तिची चारशे सशांच्या रूपातली लेकरं. एक घोट, एक ससा, असं म्हणत मोजायला हरकत नाही, पण तीन सशांवर थांबावं.

गड्ड्याची गोष्ट

अगावेच्या जातींपैकी टकीलाला चालते ती फक्त निळी, आणि टकीला होतेही हालिस्को व आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांतच. हे नाव मेक्सिकोनं १९७४ पासून कायद्यानं बांधून घेतलं आहे.

लागवड मुनव्यांनी, अगदी केळीसारखी. मग सहा-सात वर्षं थांबायचं. तिथला कापणारा गडी म्हणजे हिमादोर. त्याच्या हातात लांब दांड्याचं, गोल धारदार पात्याचं हत्यार असतं, त्याला कोआ म्हणतात. सगळी पाती छाटली की उरतो तो अननसासारखा दिसणारा प्रचंड गड्डा, बऱ्याचदा चाळीस किलोंच्या वर, कधी नव्वद. कच्च्या गड्ड्यात साखर असते, पण ती कुलूपबंद असते. विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस शिजवला की कुलूप उघडतं आणि भाजलेल्या रताळ्यासारखी, काकवीसारखी गोडी बाहेर येते. मग चरक किंवा जुन्या पद्धतीचं दगडी चाक. पूर्वी ते चाक खेचरं ओढायची. आपला बैलघाणा ज्यानं पाहिलाय त्याला ते चित्र समजावून सांगावं लागणार नाही. रस आंबवायचा आणि निदान दोनदा ऊर्ध्वपातन करायचं.

एका लिटरसाठी साधारण सात किलो गड्डा लागतो. म्हणजे पुढ्यात आलेल्या ३० मिलीच्या पेगमागे पाव किलोच्या आसपास पीक आणि सहा वर्षांची वाट.

आता बारमध्ये

इथे मी पुतण्याला एकच गोष्ट पाठ करायला लावली. विचारायचं, "हंड्रेड पर्सेंट अगावे आहे का?" एवढंच.

कारण टकीलाचे कायद्यानंच दोन वर्ग आहेत. एकात सगळी साखर अगावेची. दुसऱ्यात निदान ५१ टक्के अगावेची, बाकीची ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी कुठलीही, बहुधा उसाची किंवा मक्याची. या दुसऱ्या वर्गाला बोलीभाषेत मिक्स्टो म्हणतात. गंमत अशी की लेबलवर मिक्स्टो हा शब्द कधीच नसतो, नुसतं 'टकीला' असतं. शंभर टक्केवाला मात्र ते ठळक छापतो. तेव्हा बाटली मागवा, हातात घ्या, वाचा. त्यात कसली लाज? आपण बियाण्याची पिशवी फिरवून फिरवून वाचतो, तसंच हे.

नाव बघून फसगत होऊ शकते, कारण एकाच घरच्या दोन बाटल्या दोन वर्गांतल्या असतात. होसे कुएर्वोची 'एस्पेशल' मिक्स्टो आहे, त्याच घरची 'त्रादिसिओनाल' शंभर टक्के. पात्रोन, एर्रादुरा, डॉन हुलिओ ही नावं शंभर टक्क्यांतली. (हो, हुलिओ. स्पॅनिशमध्ये 'जे'चा उच्चार 'ह' होतो, म्हणून तर हालिस्को.)

लेबलवर आणखी एक खूण शोधायची. एनओएम ही अक्षरं आणि पुढे चार आकडे. तो कारखान्याचा क्रमांक. वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या किमतींच्या दोन बाटल्यांवर तोच क्रमांक दिसला, तर दोघींचं माहेर एकच.

मग येतो रंग. ब्लांको म्हणजे पांढरी, ताजी किंवा फार तर दोन महिन्यांची. रेपोसादो ओकच्या लाकडी पिंपात दोन महिने ते वर्षभर मुरलेली. आन्येहो एक ते तीन वर्षं. त्याहून जुनी ती एक्स्ट्रा आन्येहो, हा वर्ग २००६ साली आला. पुतण्याला मी ब्लांको सुचवली. लाकडाचा वास मध्ये येत नाही, त्यामुळे झाडाची खरी चव कळते: मिरीचा झणका, ओल्या गवताचा वास, मागाहून शिजलेल्या गड्ड्याची गोडी. व्हिस्कीची सवय असलेल्यानं रेपोसादो घ्यावी. आन्येहो छान असते, पण पहिल्याच भेटीत तिच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

'गोल्ड' या शब्दापासून मात्र सावध राहायचं. सोनेरी दिसते म्हणजे मुरलेली असेलच असं नाही. बऱ्याचदा तो रंग करपवलेल्या साखरेचा असतो. उलट, पाण्यासारखी नितळ क्रिस्टालिनो ही मुरलेली असून कोळशातून गाळून रंग काढलेली असते. डोळ्यांवर भरवसा ठेवून इथे भागत नाही. लेबल वाचणं हाच उपाय.

मीठ आणि लिंबू? जाळ लपवायला ते बरं. चांगली ब्लांको असेल तर दोन्ही बशीतच राहू द्या. मेक्सिकोत पुष्कळ जण ती घोट घोट घेतात, सोबत सांग्रिता नावाचं आंबट-तिखट, बिनदारूचं पेय असतं. एका दमात घशाखाली ढकललं तर सहा वर्षांच्या पिकाची चव जिभेला कळणार कधी?

बाटलीतली अळी हा तर निव्वळ गैरसमज. आपल्याकडे अळी म्हटलं की बोंडअळी आठवून पोटात गोळा येतो, पण टकीलात अळी नसतेच. ती मेस्काल या अगावेच्याच दुसऱ्या दारूच्या काही बाटल्यांत असते, आणि तीही प्रथा १९५०च्या आसपासची, विक्रीची युक्ती म्हणून आलेली.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा: महाराष्ट्रात अशा कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवाना हवा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. पोटभर जेवण आधी, गाडी घरी. हे मी पुतण्याला तीनदा सांगितलं आणि त्यानं तीनदा हो म्हटलं.

देशी चुलतभाऊ

आपल्या दख्खनच्या केकताडापासून दारू काढायचं कुणाला सुचलंच नाही का? सुचलं. डेस्मंड नाझरेथ यांनी पठारावरच्या अगावेवर वर्षानुवर्षं खटपट केली, आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात भट्टी उभारली आणि २०११ साली गोव्याच्या बाजारात 'डेस्मंडजी' आणली. टकीला हे नाव लावता येत नाही, म्हणून बाटलीवर 'अगावे स्पिरिट'. गोव्याच्या बारमध्ये बसलात तर ही नक्की मागून पाहा. दख्खनचं केकताड ग्लासात कसं लागतं, हे कळण्याचा आनंद वेगळाच आहे. घरी पाती ठेचून प्रयोग मात्र करू नका. रसानं अंग भाजेल, आणि विनापरवाना गाळणं हा गुन्हा आहे.

खामगावच्या चांदीवाल्यांसाठी एक खबर. मेक्सिकोच्या संशोधकांनी टकीलाची वाफ तापवून तिच्यातून हिऱ्याचा पातळ थर तयार केला! २००९ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं. साध्या, स्वस्त टकीलानंही काम झालं.

भाव आणि वटवाघूळ

कापूस-सोयाबीनवाल्यांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अगावेचा भाव २०२२च्या सुमारास किलोला ३० पेसोच्या घरात होता. जो तो लावत सुटला. पीक यायला सहा वर्षं, आणि तोवर दोन-तीन वर्षांतच भाव एक आकडी झाला. जगभर टकीलाचा खप वाढलेला, आणि शेतकरी रानातला तयार गड्डा कुणाला घालायचा या विवंचनेत. हे वाचलं तेव्हा मला आपल्या बाजार समितीचं आवार आठवलं. म्हणून मी शंभर टक्क्यांचा हट्ट धरतो. त्या बाटलीत पीक जास्त जातं.

आणि एक भागीदार राहिलाच. केकताड आयुष्यात एकदाच फुलतं. बांधावरचं दहा ते तीस वर्षांनी, पंचवीस-तीस फुटांपर्यंतचा दांडा काढतं आणि मरतं. मेक्सिकोत लांब नाकाची वटवाघळं रात्री या फुलांवर येतात आणि परागीकरण करतात. पण फुलोऱ्यात साखर खर्च होते, म्हणून मळेवाले दांडा कोवळाच छाटतात. वटवाघूळ उपाशी राहतं, आणि सगळी रोपं मुनव्यांची, एकसारखी, त्यामुळे रोग आला तर सरसकट. आता काही शेतकरी पाच टक्के झाडं फुलू देतात. त्यांच्या टकीलाला 'बॅट फ्रेंडली' म्हणतात. आपल्याकडच्या बारमध्ये ती मिळणं कठीण, पण विचारून बघायला काय जातं?

शनिवारी रात्री आठला पुतण्याचा फोटो आला. बाटलीची मागची बाजू, लेबलवर अंगठा, खाली एक ओळ: "काका, हंड्रेड पर्सेंट हाय. नंबरबी सापडला." तेव्हा टकीला गावात सकाळचे साडेआठ वाजले होते. ऊन चढायच्या आत हिमादोर कोआ घेऊन रानात उतरलेले असतात.