वस्त्राची पारख

धान्याचा व्यापारी कापडाविषयी काय लिहिणार, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पोत्यातून मूठभर वानगी काढून ती तळहातावर पसरून पाहिल्याविना आपण भाव बोलत नाही. आणि तेच आपण कापडाच्या दुकानी नुसत्या चकाकीवर भुलतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

ताप्ती लाइनवरील आपले चलथाण सुरतेच्या उंबरठ्यावर असल्याने खानदेशातील आप्तेष्ट लग्नाचा बस्ता बांधावयास आपल्याकडेच उतरतात. सुरत ही कृत्रिम धाग्याच्या कापडाची देशातील फार मोठी पेठ. गेल्या हिवाळ्यात व्याह्यांसमवेत मी एका दुकानी गेलो असता ‘शुद्ध रेशीम’ म्हणून दाखविलेला एक शालू आम्ही घेतला. घरी सूनबाईंनी पदराचा सुटा धागा चिमट्याने ज्योतीवर धरला, तो वितळून त्याची काळी कठीण गोळी झाली. शालू पॉलिएस्टरचा होता! विचारणा केली तेव्हा दुकानदार म्हणाले, “शेठ, माल जसा येतो तसा आम्ही विकतो.” मला राग कमी व लाज अधिक वाटली, कारण हेच वाक्य धान्यबाजारात मीही उच्चारले आहे.

ही परीक्षा सर्वांनी शिकून घ्यावी. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख उरते. रेशीम वा लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो व राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळते. टेरीकॉटसारख्या मिश्र कापडात जळणे व वितळणे दोन्ही दिसतात. दुकानात ज्योत लावता येत नाही. तेथे कापड मुठीत चोळावे. पांढरी भुकटी पडल्यास ते वजन खळीचे समजावे; पहिल्या धुण्यातच कापड विरविरीत होईल. उजेडापुढे धरून वीण सारखी आहे की नाही ते पाहावे. ओला पांढरा रुमाल घासून रंगाची परीक्षा करावी. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. परंतु बारीक म्हणजे टिकाऊ नव्हे. रेशमासाठी 2004 पासून ‘सिल्क मार्क’ व हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून ‘हॅन्डलूम मार्क’ ही चिन्हे आहेत, तीही पाहावीत.

शालूची हकीकत ऐकून घरातील एक वडीलधारे म्हणाले, “बरेच झाले, जीवहत्या तरी टळली.” त्यात तथ्य आहे. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारला जातो व एका साडीस असे हजारो कोश लागतात. पतंग उडून गेल्यावर कातलेले ‘अहिंसा रेशीम’ मिळते. त्याची झळाळी मात्र कमी असते. परंतु अजाणता टळलेल्या हिंसेचे श्रेय कोणास द्यावे? फसवणूक तर उरलीच.

निर्दोष वस्त्र कोणतेच नाही. कापसाच्या पिकास पुष्कळ पाणी व कीटकनाशके लागतात. पॉलिएस्टर खनिज तेलापासून होते, लवकर कुजत नाही आणि दर धुण्यास त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. म्हणून थोडे घ्यावे व टिकाऊ घ्यावे, हाच खरा उपाय. समजा, 600 रुपयांचा सदरा 30 धुण्यांत विरला, तर प्रत्येक वापर 20 रुपयांस पडला. 1200 रुपयांचा सदरा 150 धुणी टिकला, तर तो 8 रुपयांस पडला. स्वस्त कोणता, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. श्रावकाच्या भोगोपभोग-परिमाण व्रताचा अर्थही हाच.

शेवटी एक विनंती. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. म्हणजे अस्सल म्हणून नक्कल माल देणे. “माल जसा येतो तसा विकतो” या उत्तराने त्यातून सुटका होत नाही. ज्या सभासदबंधूंचा कापडाचा धंदा आहे, त्यांनी बिलावर धाग्याचे खरे नाव लिहावे. पॉलिएस्टर विकण्यात कमीपणा नाही. त्यास रेशीम म्हणण्यात आहे. आणि आम्हा धान्यवाल्यांनीही वानगीप्रमाणेच पोते भरावे.